मायक्रोवेव्हमध्ये अगार वितळवावा का? (लॅबवाल्यांसाठी, लांबण आहे)

दहीवाली_मायक्रो:

मंडळी, मी एका डेअरीच्या क्वालिटी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजी बघते. रोज सकाळी दूध, दही, श्रीखंड असे सॅम्पल येऊन पडतात, टीपीसीला (सॅम्पलमधल्या एकूण जिवाणूंची मोजणी) प्लेट काउंट अगार लागतो, म्हणजे जिवाणू वाढवायचं जेलीसारखं खाद्य, आम्ही त्याला मीडिया म्हणतो. तो आम्ही आठवड्याचा एकदम करतो, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत निर्जंतुक) करून बाटल्या फ्रिजला. मग वापरायच्या दिवशी घट्ट झालेला अगार वितळवायला पातेल्यात पाणी उकळत ठेवा, त्यात बाटल्या सोडा आणि बसा वाट बघत, पाऊण तास कुठेच गेला नाही. तोवर टँकरवाला खाली ओरडत असतो.

आता लॅबला एक घरगुती मायक्रोवेव्ह आणलाय. तरुण पोरांचं म्हणणं की पाच मिनिटांत काम होतं, सगळ्या कॉलेजांत हेच करतात. आमच्या मॅडम म्हणतात अजिबात नाही, बाटली फुटते, अंगावर येतं आणि शिवाय मीडिया खराब होतो. दोघांचंही थोडं थोडं खरं वाटतं. मला भीती नकोय आणि फुशारकी पण नकोय, नेमकं काय होतं आणि काय केलं की होत नाही ते कोणी सांगेल का? आणि ऑडिटर आला तर काय?

कोल्हापूरचा_गडी:

आमी तर रोज करतोय ताई. झाकण सैल करायचं आणि लावायचं. एवढं काय न्हाई त्यात.

ऑटोक्लेव्हकाका:

गडी, "झाकण सैल करायचं" हे तुम्ही चार शब्दांत उरकलंत पण अपघात तिथेच होतात हो. ताई, मी आयुष्यभर कॉलेजच्या लॅबमध्ये होतो, सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट झाकण. निळं झाकण असलेली बाटली असेल तर ते नुसतं अर्धा फेरा उलटं फिरवून समाधान मानू नका, कारण ऑटोक्लेव्हमधून आलेलं झाकण कडेला चिकटलेलं असतं आणि आपल्याला वाटतं सैल झालं. बोटाने हलवलं की खुळखुळ वाजलं पाहिजे. बंद बाटलीत वाफ कोंडली की काचेचे तुकडे होतात, मग उष्णता सोसणारी बोरोसिलिकेट काच असो नाहीतर आणखी काही. कापसाचा बोळा असेल तर चालतो पण त्यावरची अॅल्युमिनियम फॉइल काढा, त्याखालची तार काढा, तांब्याची असो वा कसलीही. काही ठिकाणी अजून सलाईनच्या जुन्या बाटल्या मीडियाला वापरतात, रबरी बूच आणि त्याला अॅल्युमिनियमचं कडं, त्या मायक्रोवेव्हमध्ये मुळीच नकोत. आणि ढवळायच्या मॅग्नेटिक स्टररची ती पांढरी गोळी आत राहिलेली असते बऱ्याचदा, वरून प्लॅस्टिक दिसतं पण आत लोहचुंबक आहे.

दुसरं म्हणजे बाटली निम्म्यापेक्षा जास्त भरलेली नको. पाचशेच्या बाटलीत दोनशे, फार तर अडीचशे मिली. आपल्याकडे बाटल्या कमी असतात म्हणून चारशे भरतात आणि मग सगळं ओव्हनच्या ताटात.

तिसरं, लावण्याआधी बाटली उजेडात धरून बघा. तळाला बारीक तडा, तोंडाला टवका असेल तर ती बाटली बाजूला. तीच बाटली वर्षानुवर्षं ऑटोक्लेव्हमध्ये जाते, घासली जाते, कधीतरी बोलतेच.

अर्धवट_भौतिक:

मी लॅबवाला नाही, फिजिक्सवाला आहे, पण हा धागा दिसला आणि राहवलं नाही.

मायक्रोवेव्ह २४५० मेगाहर्ट्झवर चालतो आणि लहरी पाण्यात दोनेक सेंटीमीटरपर्यंतच नीट पोचतात. म्हणजे तुमची घट्ट अगारची बाटली बाहेरून तापते, मधला गठ्ठा थंड. बाहेरची कड वितळून उकळायला लागते तेव्हा मध्ये अजून घट्ट गोळा असतो, आणि त्या गोळ्याखाली वाफ अडकली की ती गोळ्यासकट वर येते. पिठलं रटरटताना कसं एखादा बुडबुडा फुटून चटका देतो, तसं. पातळ पाण्यापेक्षा अगार जास्त धोक्याचा तो यामुळे.

पण त्याहून वाईट प्रकार म्हणजे सुपरहीटिंग. गुळगुळीत स्वच्छ काच, आत हवेचे बुडबुडे नाहीत (एकदा उकळून गेलेला मीडिया असल्याने विरघळलेली हवा आधीच गेलेली), मग द्रव १०० अंशांच्या पुढे जातो तरी उकळत नाही. शांत दिसतो. तुम्ही दार उघडता, बाटली उचलता, हलवता, आणि तेव्हा तो एकदम उकळतो.

किती वाफ होईल याचं गणित करू. २५० मिली मीडिया फक्त ५ अंश जास्त तापलाय असं धरा. साठलेली जादा उष्णता २५० गुणिले ४.२ गुणिले ५, म्हणजे सुमारे ५२०० जूल. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण २२६० जूल लागतात, म्हणजे दोन ग्रॅमच्या वर पाणी झटक्यात वाफ होणार. ऐकायला काहीच नाही ना? पण १०० अंशाला एक ग्रॅम वाफ जवळजवळ १.७ लिटर जागा घेते. म्हणजे जवळजवळ चार लिटर वाफ, बाटलीत मोकळी जागा पाव लिटर. उरलेली वाफ कुठून आणि काय घेऊन बाहेर पडेल ते सांगायला नको.

कोल्हापूरचा_गडी:

आयला. चार लिटर??

निळंझाकण:

अर्धवटराव, हे गणित आमच्या लॅबच्या भिंतीवर लावणार आहे, परवानगी गृहीत धरली आहे.

मी फार्मा कंपनीच्या क्यूसीमध्ये (औषधांची गुणवत्ता तपासणी) आहे. दहीवाली, तुझ्या मॅडमचं भाजण्याचं कारण बरोबर आहे पण निष्कर्ष पटत नाही. कारण जे लोक भाजतात ते मायक्रोवेव्ह चालू असताना भाजत नाहीत, बीप वाजल्यावर दोन सेकंदात दार उघडून बाटली उचलतात तेव्हा भाजतात. घाई असते म्हणूनच तर मायक्रोवेव्ह लावलेला असतो आणि बीप वाजला की हात आपोआप दाराकडे जातो. एवढी एक सवय मोडली तर निम्मं काम झालं.

आमच्याकडची पद्धत सांगते. लावण्याआधी झाकण घट्ट असतानाच थंड बाटली जोरात आपटून हलवून आतला अगार फोडायचा, तुकडे झाले की कडेचं आणि मधलं असा फरक कमी होतो. मग झाकण सैल. पॉवर मध्यम किंवा त्याहून कमी. एक मिनिट, थांबा, मग अर्धा-अर्धा मिनिट, प्रत्येक वेळी बंद झाल्यावर दार न उघडता निदान अर्धा मिनिट तसंच राहू द्यायचं, मग दार उघडून बाटली जागेवरच जरा सरकवून बघायची, काही झालं नाही तर हातमोज्याने बाहेर काढून हळू गोल फिरवायची. बाटलीचं तोंड स्वतःकडे नाही आणि शेजारणीकडे पण नाही. चेहऱ्यावर फेस शील्ड, नुसता चष्मा नाही. उकळी फुटताना दिसली की लगेच बंद, उकळत ठेवायचंच नाहीये, वितळवायचंय फक्त.

आणि एक, घरगुती ओव्हनमध्ये "५० टक्के पॉवर" म्हणजे बहुतेक मॉडेलमध्ये मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणारा भाग) निम्मा वेळ पूर्ण ताकदीने चालू आणि निम्मा वेळ बंद, असं असतं. इन्व्हर्टरवाले सोडून. त्यामुळे मध्यम पॉवर लावली म्हणून पाठ फिरवून जाऊ नका, चालू टप्प्यात तो तेवढाच तापवतो.

दहीवाली_मायक्रो:

अर्धवट_भौतिक, तुमचं गणित मॅडमना दाखवलं, त्यांनी फक्त "बघ" एवढंच म्हटलं.

निळंझाकण, मस्त लिहिलंस गं. पण पूर्ण वितळलंय हे कळतं कसं? आमच्याकडे एकदा प्लेटवर बारीक गुठळ्या आल्या आणि पोरगं त्यांना कॉलनी (वाढलेल्या जिवाणूंचे ठिपके) म्हणून मोजत बसलं.

ऑटोक्लेव्हकाका:

उजेडासमोर धरून हळू फिरवा. आत दोरे दोरे, पाकासारख्या रेघा हलताना दिसल्या तर अजून पातळ आणि जाड भाग वेगळे आहेत. पूर्ण झालं की एकसारखं पारदर्शक दिसतं. प्लेट काउंट अगारमध्ये दुधाची पावडर घातलेली असेल तर पारदर्शक दिसणार नाही, तेव्हा तळ आणि कडा बघा. जोरात हलवू नका, फेस होतो आणि फेसाचे बुडबुडे प्लेटमध्ये कॉलनीसारखेच दिसतात, म्हणजे पुन्हा तुमचं पोरगं मोजायला बसणार.

अगार ८५ अंशांच्या आसपास वितळतो पण घट्ट होतो पस्तीस-चाळीसच्या दरम्यान, हा त्याचा विचित्र गुण आहे आणि त्याच्यामुळेच आपलं सगळं चालतं. आधी जिलेटिन वापरायचे, ते ३७ अंशाला पातळ व्हायचं आणि कित्येक जिवाणू ते खाऊन टाकायचे. १८८१ च्या सुमारास फॅनी हेसे ह्या बाईंनी सुचवलं की मी जेलीला अगार वापरते तो वापरून बघा, त्यांचे यजमान वॉल्टर हेसे हे रॉबर्ट कॉख यांच्या लॅबमध्ये होते. कॉखसाहेबांनी १८८२ च्या क्षयरोगाच्या लेखात अगारचा उल्लेख केला, बाईंचा नाही केला. अवांतर झालं, पण मी हे वर्गात दर वर्षी सांगायचो, इथेही सांगणार.

दूरदेशी_पिपेट:

काका +१.

मी सध्या भारताबाहेर पोस्टडॉक करतेय. इथे आमच्या मजल्यावर दोन मायक्रोवेव्ह आहेत, एक मीडियाचा आणि एक अगारोज जेलचा (डीएनए तपासायची जेली), आणि दोन्हींवर मोठ्या अक्षरात लिहिलंय की खायचं काही ठेवायचं नाही. जेलचा ओव्हन वेगळा का, तर इथिडियम ब्रोमाइड, डीएनए दिसायला घालतात तो अपायकारक रंग. ते नेहमी वितळवून थंड झाल्यावरच घालायचं असतं पण कोणीतरी शिळं जेल पुन्हा वितळवतंच, आणि मग त्याचे शिंतोडे आत बसतात. दहीवाली, तुमच्या लॅबमधल्या ओव्हनमध्ये दुपारी कोणी डबा गरम करत नाही ना? हसू नका, मी पाहिलंय.

कोल्हापूरचा_गडी:

डबा न्हाई. चहा करतंय.

निळंझाकण:

गडी!!! वेगळा ओव्हन आणा, किंवा चहा बंद करा. जिथे कल्चर, केमिकल असतं तिथल्या उपकरणात खाण्यापिण्याचं काही नाही, ह्यात वाद नाही.

अळिंबी_अण्णा:

नमस्कार. मी शेतकरी आहे, धिंगरी मशरूमचं स्पॉन (बियाणं) घरीच करतो, त्यासाठी बटाट्याचा अगार, म्हणजे पीडीए, करतो. लॅब अशी नाही, खोली आहे. मायक्रोवेव्हमध्येच अगार विरघळवला आणि पाच मिनिटं चांगला उकळला तर ऑटोक्लेव्हची गरज राहत नाही असं एकाने सांगितलं, खरं का? आणि उरलेला पीडीए दोन-तीनदा वितळवला की प्लेट चिखलासारखी होते, घट्टच होत नाही.

ऑटोक्लेव्हकाका:

अण्णा, नमस्कार. नाही, खरं नाही. उकळून बीजाणू मरत नाहीत. १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटं, हे पाहिजे, आणि तुमच्याकडे ऑटोक्लेव्ह नसेल तर घरचा चांगला प्रेशर कुकर हेच काम बऱ्यापैकी करतो, वेळ थोडा जास्त द्या, बरेच स्पॉनवाले तेच करतात. मायक्रोवेव्ह दोनच ठिकाणी, एक तर पावडर आणि अगार पाण्यात विरघळवायला, निर्जंतुक करण्याआधी, आणि दुसरं म्हणजे आधीच निर्जंतुक केलेला घट्ट मीडिया पुन्हा पातळ करायला.

चिखल होतो त्याचं कारण आम्ल. पीडीएचा पीएच साडेपाचच्या आसपास असतो, आणि आम्लात तापवलं की अगारच्या साखळ्या तुटतात, जेवढ्या वेळा तापवाल तेवढ्या तुटतात. बुरशीसाठी टार्टरिक अॅसिड घालून पीएच ३.५ केला असेल तर तो मग परत तापवायचाच नाही. नेहमीचा मीडिया पण एकदाच वितळवावा. वापरला तेवढा वापरला, उरलेला टाकून द्यावा. त्यापेक्षा शंभर-शंभरच्या लहान बाटल्या भरा, पैसा पण वाचतो.

निळंझाकण:

हे सोन्यासारखं बोललात काका. लहान बाटल्या!

मीडियाबद्दल मॅडमचा मुद्दा बरोबर आहे ताई, तो सोडू नका. साखर आणि प्रथिनं असलेला मीडिया जास्त तापला की तपकिरी होतो, आणि नुसता रंग बदलत नाही, वाढ पण बदलते. काही मीडिया तर ह्या वाटेला जाऊच नयेत. ब्लड अगार वितळवला की चॉकलेटी होणार, त्यात रक्त नेहमी बेस पन्नासच्या खाली आल्यावर घालायचं. अँपिसिलिन (अँटिबायोटिक) घातलेला मीडिया तापवला तर अँपिसिलिन गेलं, प्लेट साधी झाली आणि तुम्हाला पत्ता नाही. क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक मात्र उष्णता सोसतं, त्यामुळे ते घातलेला, यीस्ट आणि बुरशी मोजायचा वायजीसी अगार ऑटोक्लेव्ह होतो.

तुमच्या डेअरीत कॉलिफॉर्म (दूषितपणा दाखवणारे जिवाणू) मोजायला व्हीआरबीए अगार असणार. तो ऑटोक्लेव्ह पण करत नाहीत, फक्त उकळी येईपर्यंत तापवून ताजा वापरायचा आणि पुन्हा वितळवायचा नाही. तो पावडरपासून मायक्रोवेव्हमध्ये करायचा मोह होईल, पण पावडर तळाला बसून करपते, आधी दहा-पंधरा मिनिटं भिजवून मध्ये मध्ये फिरवत राहावं लागतं, शिवाय फेस येऊन उतू जातो तो वेगळाच. माझं मत विचाराल तर व्हीआरबीए हॉट प्लेटवर, डोळ्यासमोर.

दहीवाली_मायक्रो:

व्हीआरबीए हॉट प्लेटवरच करतो, सुटलो.

आता ऑडिटरचं सांगा. आम्ही एनएबीएलवाले (लॅबना मान्यता देणारी संस्था) आहोत, स्कोपमध्ये म्हणजे मान्यतेच्या यादीत टीपीसी आहे.

निळंझाकण:

दोन्हीकडचं सांगते. आमच्या यूएसपीच्या (अमेरिकेचा औषध मानकांचा ग्रंथ) १११७ चॅप्टरमध्ये गरम पाण्याचा बाथ किंवा मोकळी वाफ ह्या पद्धतींना पसंती आहे, मायक्रोवेव्ह आणि हॉट प्लेट चालतील असं म्हटलंय पण मीडिया जास्त तापून खराब होणं आणि काच फुटून, भाजून माणसाला इजा होणं ह्या दोन्हींची काळजी घ्या असंही तिथेच आहे. वितळलेला अगार ४५ ते ५० अंशांच्या बाथमध्ये जास्तीत जास्त ८ तास.

तुम्ही फूडवाले आयएसओ १११३३ वर (मीडियाचं आंतरराष्ट्रीय मानक) चालता. तिथे उकळता पाण्याचा बाथ किंवा तोच परिणाम देणारी दुसरी पद्धत, असं आहे, आणि वितळलेला मीडिया ४ तासांत संपवायचा. ८ तास बघून खूश होऊ नका, ते तुमचं नाही. टीपीसीला ओतताना ४४ ते ४७ अंश. म्हणजे "तोच परिणाम देते" हे तुम्हाला कागदावर दाखवावं लागणार.

अर्धवट_भौतिक:

बाथमध्ये ठेवल्यावर तापमान कसं मोजता? थर्मामीटर मीडियात घातला तर निर्जंतुकपणा गेला ना.

ऑटोक्लेव्हकाका:

एक बाटली साध्या अगारची तेवढ्याच मापाची ठेवतात, त्यात थर्मामीटर, आणि तिचं तापमान उतरलं की बाकीच्यांचं उतरलं असं धरतात. गालाला बाटली लावून बघणारेही आहेत, मी पण त्यातलाच, पण ते एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) लिहिता येत नाही.

बाथमधून बाटली काढली की बाहेरचं पाणी टिशूने पुसा, तोंडाच्या खालचं विशेष. ते बाथचं पाणी घरंगळत प्लेटमध्ये पडतं आणि मग ब्लँकवर (सॅम्पल न घातलेल्या प्लेटवर) वाढ आली म्हणून दिवसभर हवेला शिव्या घालत बसतात.

कोल्हापूरचा_गडी:

काका बाथ पुसायचं ठीक, पर मायक्रोवेव्हमधनं काढून बाटली ओट्यावर ठेवली की टण्‌ आवाज आला आणि तळ तिथंच राहिला, हे आमच्याकडं झालंय. कडप्पा हाय ओट्याला, ओला होता.

ऑटोक्लेव्हकाका:

तेच कारण. गरम काच आणि ओला गार कडप्पा. जाड कोरडं फडकं किंवा लाकडी पाट ठेवा. आणि हातमोजा पण कोरडाच हवा, ओल्या फडक्यातून चटका लगेच पोचतो, वाफ होते आत. कित्येकजण बाथजवळचं ओलं फडकं उचलतात आणि बाटली सोडून देतात.

सांडलंच अंगावर तर लगेच नळाचं वाहतं साधं पाणी, वीस मिनिटं, घड्याळ बघून. अगार चिकटून बसतो आणि कातडीवरच गोठतो, उष्णता धरून ठेवतो, म्हणून पाणी लगेच. अंगठी, घड्याळ, बांगड्या सूज यायच्या आधी काढा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको. फोड आले, तोंडावर, डोळ्यात गेलं तर सरळ दवाखाना.

दूरदेशी_पिपेट:

अजून एक राहिलं. आपल्याकडचे बरेच ओव्हन कन्व्हेक्शन आणि ग्रिलवाले असतात. आधीच्याने ग्रिल मोडवर सोडलेला असेल आणि तुम्ही नुसतं स्टार्ट दाबलं तर कॉइल तापते, झाकण वितळू शकतं. जाळीचा धातूचा स्टँड आत असेल तर बाहेर काढा. आणि सांडलेला मीडिया तेव्हाच पुसा, वाळून करपला की पुढच्या वेळी तिथे ठिणग्या उडतात.

अळिंबी_अण्णा:

लहान टेस्ट ट्यूबमधले स्लँट (ट्यूब तिरपी ठेवून गोठवलेला अगार) वितळवायचे तर? मला पाच-सहाच लागतात.

निळंझाकण:

ट्यूब सरळ मायक्रोवेव्हमध्ये नको अण्णा, पाच-दहा मिली काही सेकंदांत उतू जातं. बीकरमध्ये उकळतं पाणी घ्या आणि त्यात ट्यूब उभ्या करा, तेवढ्याला मायक्रोवेव्हची गरजच नाही.

दहीवाली_मायक्रो:

मॅडमना सगळा धागा प्रिंट काढून दिला. त्या म्हणाल्या फक्त प्लेट काउंट अगार, फक्त दोनशे मिलीच्या बाटल्या, आणि चालवणाऱ्याने बाजूच्या वहीत वेळ, पॉवर, बाटली नंबर लिहायचा. फेस शील्ड मागवल्यात. पण "तोच परिणाम" कागदावर दाखव म्हणाल्या, ते नेमकं कसं करू? चालू सॅम्पलवर की स्टँडर्ड कल्चरवर (माहितीतल्या जिवाणूंवर)?

निळंझाकण:

स्टँडर्ड कल्चरवर. एकाच बॅचच्या बाटल्या घे, अर्ध्या पाण्यात वितळव, अर्ध्या मायक्रोवेव्हमध्ये तुमच्या ठरलेल्या वेळेने. एकच सस्पेन्शन, ई. कोलाय आणि एक बॅसिलस तरी, साधारण शंभरेक सीएफयू (कॉलनी) पडतील असं, दोन्हींवर जोडीने प्लेट. १११३३ मध्ये अशा मीडियाला रेफरन्सच्या तुलनेत ०.७ किंवा जास्त रिकव्हरी (म्हणजे निदान ७० टक्के कॉलनी) मागतात, तोच आकडा धर. पीएच पण दोन्हींचा थंड झाल्यावर बघ, रंगाचा शेजारीशेजारी फोटो काढ. आणि हे एकाच माणसाकडून करून घेऊ नकोस, जो सगळ्यात घाई करतो त्याच्याकडूनही एक सेट करून घे.

कोल्हापूरचा_गडी:

त्यो मीच. सेट लावतो आमच्याकडं पण. चहाचा ओव्हन वरच्या मजल्यावर हलवलाय, येवढं नोंदवा.